आठ ते अकरा पावसाळे

‘मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही,’ श्रीरंग खोपकर म्हणाले आणि प्लास्टिकची खुर्ची दोन बोटं पुढे ओढून बसले. ‘ठेवूच नका. मी स्वतः तिथे नसतो तर मीही ठेवला नसता.’

कल्याणच्या खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ‘सुमेरू’ सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेव्हा चाळीसेक माणसं बसली होती. एकानेही हसण्याची तसदी घेतली नाही. इमारत सुरक्षा लवादाच्या अधिकारी ऋतिका लोहोकरे मान वर न करता ‘बोला’ एवढंच म्हणाल्या. मागच्या खांबाला टेकून नवनाथ भोईटे उभा होता आणि त्याच्या पायाशी, ओल्या गोणपाटावर, घोरपड पहुडली होती.

खोपकरांनी घसा साफ केला. करू दे. चौऱ्याहत्तर वर्षांचा घसा आहे, त्याला वेळ लागतो. तोवर घोरपडीचं सांगून टाकायला हवं, कारण ती नसती तर या सगळ्यांनी त्या दिवशी दुपारी आपापल्या घरी वामकुक्षी केली असती.

इमारत मरते ती आतून. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळई असते. तिला पाणी, हवा आणि मीठ मिळालं की ती गंजू लागते. गंज हा हावरा भाडेकरू आहे. लोखंडाची एक खोली खातो आणि बदल्यात दोन-तीन खोल्यांची जागा मागतो. जागा नसली की काँक्रीट फोडून बाहेर येतो. सुमेरू बांधली गेली तेव्हा बिल्डरने खाडीची रेती वापरली होती, त्यामुळे इथे मीठ बाहेरून यायची गरजच पडली नाही. ते पायाभरणीपासूनच राहायला आलं होतं.

पण गंज बारा महिने सारखा वाढत नाही. पावसाळ्यात भिंत पाणी पिते तेव्हा तो फोफावतो, उन्हाळ्यात सुकून गप्प बसतो. त्यामुळे सळईवर दर वर्षी गंजाचा एक पापुद्रा चढतो, झाडाच्या खोडात वर्तुळं पडावीत तसा. कुणा हुशार माणसाला वाटलं, वर्तुळं मोजता येतात तर पापुद्रे का नाही? त्यातून हे यंत्र निघालं. दीड हात लांब, चार पायांचं, प्रत्येक पायाखाली हवा शोषून धरणारी रबरी वाटी. ते भिंतीला चिकटतं, कुत्र्यालाही ऐकू जाणार नाहीत इतक्या बारीक आवाजाच्या टिचक्या मारतं आणि एकेका पापुद्र्यावरून परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. पूर्वी गड चढायला घोरपड लावत, हे मराठी पोराला कुणी ना कुणी सांगितलेलंच असतं. त्यामुळे यंत्राचं जे काही परदेशी नाव होतं ते पहिल्याच आठवड्यात मेलं.

जुन्या तपासनिसांना ‘कुठे दुखतंय’ एवढंच विचारता येत असे. घोरपड ‘कधीपासून दुखतंय’ तेही विचारू लागली आणि तिथून भांडणांना तोंड फुटलं. ‘त्या वेळी ठणठणीत होतं हो’ हे वाक्य शहरातून हद्दपार झालं. निवृत्त तपासनीस अचानक कोकणात राहायला गेले. ठाण्यात वाटणी झालेल्या दोन भावांनी घोरपड भाड्याने आणली, कुणाच्या बायकोच्या न्हाणीघरामुळे मधली भिंत कुजली ते ठरवायला. उत्तर आलं, दोघींच्याही नाही, वडिलांच्या. तेव्हापासून ते वडिलांशी बोलत नाहीत.

कायदाही मग घोरपडीच्या मागून चालू लागला. गॅलरी किंवा सज्जा पडला की घोरपड लावायची. तडा इमारत धड असल्याच्या शेवटच्या दाखल्यानंतरचा निघाला तर दोष घरमालकाचा. त्याच्या घराला कायमचं सील आणि शहरात पुन्हा घर घ्यायला बंदी. तडा दाखल्याच्या आधीचा निघाला तर दोष दाखला देणाऱ्याचा. त्याने आयुष्यभर दिलेले सगळे दाखले रद्द आणि त्या सगळ्या इमारती नव्याने तपासून होईपर्यंत रिकाम्या.

आणि बारा सप्टेंबरला, सकाळी साडेदहाला, सुमेरूच्या चारशे दोनची गॅलरी पडली. खाली दोन स्कूटर होत्या. माणूस नव्हतं, हे नशीब.

चार दिवसांनी नवनाथ घोरपड पाठीला बांधून तिथे पोचला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी लादी पुसलेलं पाणी बरोबर त्याच्या डोक्यावर ओतलं. वर पाहिलं तर खिडकी बंद.

‘मनावर घेऊ नका, भोईटे,’ सोसायटीचे सेक्रेटरी उन्मेष पारकर म्हणाले. ते स्वतः छत्री घेऊन उभे होते. आभाळ कोरडं होतं. ‘लोकांना तुमच्या या बयेचा राग आहे. तिला म्हणावं, चारशे दोनपुरतं ऐक. इकडे तिकडे कान लावू नकोस.’

‘ती सांगून ऐकत नाही, साहेब.’

‘मग तुम्ही ऐका. ताम्हणकर बाईंनी गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवलं होतं. वर चाळीस कुंड्या. लिहून घ्या.’

‘मी लिहीत नाही. मी तिचे पाय धुतो आणि भिंतीला चिकटवतो.’

‘अठ्ठावीस घरं आहेत इथे. दोष बाईंचा निघाला तर एक घर जाईल. दाखला देणाऱ्या त्या खोपकरांचा निघाला तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रस्त्यावर. गणित सोपं आहे. घोरपडीला येत असेलच.’

हे गणित सोसायटीतल्या प्रत्येकाने करून ठेवलं होतं, हे जिना चढता चढताच कळत होतं. चौथ्या मजल्यावरच्या दाराबाहेर कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवली होती. दारावरच्या ‘चारुलता ताम्हणकर’ या पाटीवर खडूने फुली मारलेली होती आणि ती पुसायच्या भानगडीत आतलं माणूस पडलेलं नव्हतं.

चारुलताबाईंनी दार उघडलं. साठीच्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, किडकिडीत बाई. त्यांनी आधी घोरपडीकडे पाहिलं.

‘चपला बाहेर. आणि हिचे पाय पुसा.’

नवनाथने पुसले. गॅलरीचं दार उघडलं तर पुढे नुसतं आभाळ. भिंतीतून चार गंजक्या सळया बाहेर आल्या होत्या, मोडलेल्या दातांसारख्या. त्याने घोरपड हाताने बाहेर धरून खालच्या अंगाला चिकटवली आणि कमरेचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून उंबऱ्यावर बसला. पाय चार मजल्यांवर लोंबत होते. दोरावर उभी हयात गेलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

‘चहा घेणार?’ आतून आवाज आला.

‘नको, ताई.’

‘घ्या. घराबाहेर काढायला आलेल्या माणसाला चहा विचारायची रीत आहे की नाही मला माहीत नाही, पण दूध तापवून झालंय.’

कप त्याच्या शेजारी ठेवताना त्या म्हणाल्या, ‘पारकरने चाळीस कुंड्या सांगितल्या असतील. नऊ होत्या. मशीन होतं, ते मी नाकारत नाही. सगळ्यांच्याच गॅलरीत आहे. त्याच्याही आहे.’

‘तसं लवादाला सांगा.’

‘सांगितलं. म्हणाले, त्यांची गॅलरी पडलेली नाही.’ त्यांनी त्याच्या तळहातांकडे पाहिलं. ‘तुम्ही पूर्वी दोरावर होता ना? हात सांगतात. या इमारतीवर कधी उतरला होता?’

‘उतरलो असेन,’ नवनाथ म्हणाला.

उतरला होताच. दाखल्यावर सही तपासनिसाची असते, दोरवाल्याचं नाव कुठेच नसतं, म्हणून हे कुणाला ठाऊक नव्हतं. खोपकर साहेबांच्या झुल्याचा दोर एकवीस वर्षं नवनाथच्या हातात होता. गच्चीवरून दोर सोडायचा, दोघांनी फळीच्या झुल्यावर बसायचं, साहेबांनी लाकडी हातोडीने गिलावा ठोकत खाली यायचं. खणखणीत आवाज आला तर भिंत धड, बद्द आला तर आतून पोकळ.

पहिल्या वर्षी नवनाथची बोबडी वळायची. तेव्हा साहेब गोष्टी सांगत. सोळाव्या मजल्यावर वाऱ्याने झुला गिरक्या घेत असताना ते एका कबुतराची गोष्ट सांगत, ज्याने त्यांच्या खिशातून चष्मा पळवून आपल्या आजारी बायकोला दिला होता. नवनाथ हसता हसता दोर सोडत राही आणि जमीन कधी आली ते कळत नसे. थापांच्या जोरावर तो धंदा शिकला. एकदा साहेबांचा तोल गेला आणि नवनाथने त्यांना मनगटाला धरून वर ओढलं. ती गोष्ट साहेब पुढे वीस वर्षं सगळीकडे सांगत आले, फक्त मनगटं बदलून. आता नवनाथलाही कधीकधी स्वप्नात आपणच पडतोय असं दिसे.

त्यामुळे उंबऱ्यावर बसून तो आठवू लागला तेव्हा त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. सुमेरूच्या गच्चीचा कठडा दोराला काचतो, पाण्याच्या टाकीचा खांब दोर बांधायला चांगला आहे, हे त्याच्या तळहातांना पाठ होतं. इथे दोनदा उतरल्याचंही आठवत होतं. पण शेवटची तपासणी, नऊ वर्षांपूर्वीची, तिच्या जागी काहीच नव्हतं. वय झालं, त्याने स्वतःला सांगितलं.

घोरपडीने दोन तासांनी आकडा दिला. कमीत कमी आठ, जास्तीत जास्त अकरा पावसाळे.

खाडीवरच्या दमट हवेत एखाद्या वर्षी दोन पापुद्रे चढतात, एखाद्या वर्षी एकही नीट बसत नाही, म्हणून यापेक्षा नेमकं तिला सांगता येईना. शेवटच्या दाखल्याला नऊ पावसाळे झाले होते. तडा आठ-नऊ पावसाळ्यांचा असेल तर चारुलताबाईंचं घर जाणार. दहा-अकराचा असेल तर खोपकर जाणार. इतकं शहाणं यंत्र नेमकं उंबरठ्यावर येऊन गप्प बसलं. मग नियम असा की तपासनिसाने समोर येऊन सांगावं, त्या दिवशी ती गॅलरी आपण खरोखर ठोकून पाहिली होती का. पाहिली असेल आणि खणखणीत वाजली असेल, तर तडा नंतरचा.

थोडक्यात, जगातलं सर्वांत अचूक यंत्र श्रीरंग खोपकरांच्या शब्दावर येऊन थांबलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी साहेब लवादाच्या गोदामात आले. नवनाथ जमिनीवर फतकल मारून घोरपडीच्या रबरी वाट्या घासत होता.

‘काय रे नवनाथा, सुनेला न्हाऊ घालतोयस?’

‘या साहेब. बसा.’

साहेब उलट्या बादलीवर बसले. घोरपडीला त्यांनी काठीने ढोसलं. ‘माझ्या हातोडीला जे कळायचं ते हिला कळत नाही. आठ ते अकरा म्हणे. ग्रामपंचायतीचं पाणी येण्याची वेळ आहे का ती?’ मग आवाज उतरवून, ‘सुमेरूला आपण उतरलो होतो ना रे? शेवटच्या वेळी?’

‘मला आठवत नाही, साहेब.’

‘नाही ना? हरकत नाही. तुझ्या वाटचं मी आठवतो.’

‘तुम्हाला आठवतंय?’

‘उद्यापर्यंत आठवेल,’ साहेब म्हणाले आणि हसले. नवनाथ हसला नाही, तसे तेही थांबले. ‘हे बघ. माझे दोनशे चौदा दाखले आहेत. मी पडलो तर दोनशे चौदा इमारती माझ्याबरोबर पडतील. न पडता पडतील. माणसं गाद्या घेऊन रस्त्यावर येतील. कोळसेवाडीतलं अनुसया अपार्टमेंट कुणी तपासलं होतं?’

नवनाथ वाटी घासत राहिला. अनुसयाच्या तिसऱ्या मजल्यावर तो राहत होता. बायकोचा गुडघा मार्चमध्येच बदलला होता.

‘तुम्हीच.’

‘मीच. आणि तुला कुणी विचारणारही नाही. तुझं नाव कुठल्याच कागदावर नाही. तू उद्या खांबाला टेकून उभा राहा आणि गोष्ट ऐक. आजवर ऐकल्यास तशी.’

‘अनुसया खरोखर ठोकली होती ना, साहेब?’

साहेबांनी उठताना त्याच्या खांद्याचा आधार घेतला. ‘तू होतास की बरोबर,’ ते म्हणाले.

होता. ते नवनाथला आठवत होतं. पण साहेब ‘हो’ म्हणाले नाहीत, हे त्याच्या लक्षात राहिलं.

तर आता पार्किंगमध्ये परत येऊ. खोपकरांचा घसा साफ झाला आहे. पहिल्या रांगेत एका टोकाला चारुलताबाई बसल्या आहेत आणि त्यांच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे माणसं उभी असूनसुद्धा.

‘प्रश्न साधा आहे,’ लोहोकरे म्हणाल्या. ‘दाखल्यावर तारीख सहा ऑक्टोबर आहे, नऊ वर्षांपूर्वीची. त्या दिवशी चारशे दोनच्या गॅलरीचा खालचा भाग तुम्ही स्वतः ठोकून पाहिला का?’

‘मॅडम, एकतीस वर्षांत मी इतक्या गॅलऱ्या ठोकल्या की सगळ्या आठवू म्हटलं तर डोकं बद्द वाजेल. पण ही विसरणं शक्य नाही. का, ते सांगतो. त्या दिवशी सर्वपित्री होती.’

लोहोकरेंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. समोरच्या पडद्यावर त्यांनी काहीतरी तपासलं आणि मान हलवली. तारीख बरोबर होती.

‘सकाळचे अकरा वाजलेत. मी झुल्यावर. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात कागद, पेन दातात. पाचव्या मजल्यावरून खाली येतोय तो चारशे दोनच्या कठड्यावर काय? पान वाढलेलं. भात, खीर, वडा, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. आणि पानासमोर कावळा. बसलाय. शिवत नाही.’

मागच्या रांगेत कुजबुज थांबली.

‘मी म्हटलं, घ्या की. तो नाही म्हणाला. म्हणजे बोलला नाही, पण नाही म्हणणारा चेहरा मला ओळखता येतो. आयुष्यभर सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी बोललोय.’

आता मात्र कुणीतरी फिस्सकन हसलं. पारकरही ओठ चावून हसले, कारण गोष्ट त्यांच्या बाजूने चालली होती.

‘झुला त्याच्यापासून दोन हातांवर, तरी उडेना. माझ्या हातोडीकडे बघतोय. तेव्हा मला उमगलं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकतो? पोराबाळांत, नाहीतर घरात. म्हटलं, अस्सं होय. झुला खाली घेतला, गॅलरीच्या पोटाखाली गेलो आणि हाणला पहिला ठोका. खणखणीत. वर बघतो तर कावळा कठड्यावरून मान वाकडी करून खाली ऐकतोय. दुसरा ठोका मुळाशी, गॅलरी भिंतीला धरते तिथे. देवळातल्या घंटेसारखा. कावळा एक पाऊल पुढे. तिसरा कोपऱ्यात मारला आणि काय सांगू, त्याने वडा उचलला. असा उचलला की सहीच केली म्हणा ना. मग त्याच्या खाली मीही केली.’

पार्किंगमध्ये हशा उसळला. आठवडाभर एकमेकांना खाऊ की गिळू करणारी माणसं हसली आणि हसता हसता सुटल्यासारखी खुर्चीत सैल झाली. खोपकरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. ते थकले होते आणि खूश होते.

लोहोकरे हसल्या नाहीत. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली, हे नवनाथने पाहिलं.

‘कावळ्याचं मत मी नोंदवू शकत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पानाचं नोंदवू शकते. ताम्हणकर बाई, त्या दिवशी तुमच्या गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं होतं का?’

सगळ्यांच्या माना चारुलताबाईंकडे वळल्या. ‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता. नऊ वर्षांपूर्वीचं केळीचं पान कोण दाखवणार होतं?

‘होतं,’ चारुलताबाई म्हणाल्या. ‘सासूबाई गेल्यापासून दर वर्षी तिथेच ठेवते. ठेवत होते.’

‘आणि कावळा?’

‘उशिरा शिवला होता त्या वर्षी. खोपकर म्हणतात ते खरं आहे. मला रडू आलं होतं, म्हणून लक्षात आहे.’

‘झुल्यावर कुणी दिसलं?’

‘मी आत होते. कुणी पाहिलं नाही. पण नव्हतंच कुणी, असं शपथेवर नाही सांगता येणार.’

‘लिहून घ्या, मॅडम,’ पारकर म्हणाले.

‘माझी पोरं त्या गॅलरीखालून शाळेत जात होती,’ मागून एक बाई म्हणाली. ‘हिला अजून लाज वाटत नाही.’

‘सामान कधी हलवताय, ताम्हणकर?’ आणखी कुणी विचारलं. ‘लिफ्ट हवी असेल तर आधी सांगा, बाकीच्यांची खोटी नको.’

चारुलताबाई सरळ समोर पाहत राहिल्या. खरं बोलल्याबद्दल माणसाला बक्षीस मिळतं असं त्यांना टपाल खात्यातही कुणी सांगितलं नसावं. लोहोकरे पडद्यावर टाईप करू लागल्या. त्यांची बोटं भराभर चालत होती.

नवनाथच्या डोक्यात मात्र कावळा अडकला होता. साहेबांनी कबुतरं सांगितली होती, घारी सांगितल्या होत्या, एकदा पंधराव्या मजल्यावर भेटलेलं माकड सांगितलं होतं. थाप ओळखायला तो कधीच विसरला होता, कारण कधी गरजच पडली नव्हती. पण सर्वपित्री. साहेबांनी ती कशी शोधली असेल तेही त्याला कळत होतं. रात्री जुनं पंचांग काढलं असेल, सहा ऑक्टोबरवर बोट ठेवलं असेल, तिथे सर्वपित्री दिसली असेल आणि म्हातारा मनातल्या मनात टाळी देऊन उठला असेल. घरोघर पान ठेवतात. इतकी फर्मास गोष्ट आयती हाताला लागली होती. ती सोडवली नाही.

आणि त्याच्या तळहातांना इतके दिवस न आठवलेला तो दिवस आता एकदम आठवला. भाताचा वास, बापाच्या नावाचं पान, अनुसयाच्या गच्चीवर सकाळभर काव काव करत उभं राहिल्याने दुखणारे पाय. आपलं वय झालेलं नव्हतं. आठवायला त्या दिवशी सुमेरू नव्हतीच.

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीही नेमकं तेव्हाच मान वळवली आणि पूर्वी झुल्यावर करायचे तसा डोळा मिचकावला. आली बघ जमीन.

अनुसयाचा तिसरा मजला. बायकोचा गुडघा. दोनशे चौदा इमारतींतून जिन्याने उतरणाऱ्या गाद्या. आणि पहिल्या रांगेत तीन रिकाम्या खुर्च्यांच्या शेजारी ताठ बसलेली एक बाई, जिने आत्ताच आपल्या तोंडाने आपलं घर देऊन टाकलं होतं.

नवनाथ खांब सोडून पुढे आला. कुणाचं लक्ष नव्हतं. तो खुर्च्यांच्या मधून थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला, तेव्हा लोहोकरेंची बोटं थांबली.

‘यंत्राला काही झालं का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, मॅडम. यंत्र बरं आहे.’ तो खोपकरांकडे वळला. ‘साहेब, झुल्याचा दोर एकवीस वर्षं माझ्याकडे होता. अमावास्येला दोरवाला दोर सोडत नाही. मी नाही, मुंबईपासून पुण्यापर्यंत कुणीच नाही. तुम्हाला ती माझी सुट्टी वाटायची, म्हणून तुमच्या लक्षात राहिलं नाही.’

‘नवनाथा,’ साहेब हळूच म्हणाले. ‘गोष्ट संपली रे.’

‘सर्वपित्री म्हणजे अमावास्याच ना, साहेब? त्या दिवशी दोर माझ्या घरी खुंटीला होता. मग तुम्ही कशाला लोंबकळत होता?’